दानियलभाऊंची दोन मरणं

आमच्या गल्लीत कुणी वारलं, की ती बातमी दानियलभाऊंना सांगायला कुणी पुढे होत नसे. माणूस दुष्ट होता म्हणून नव्हे. पण बातमी ऐकल्यावर चारचौघं जसं चटकन "अरेरे" म्हणतात, तसं ते म्हणत नसत. ते चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाने पुसायचे, पुन्हा डोळ्यांवर चढवायचे आणि विचारायचे, "माणूस कसा व्हता?" कशाने गेला, कुठल्या दवाखान्यात होता, मागे कोण आहे, यातलं काही नाही. कसा होता, एवढंच. समोरचा गोंधळून "चांगला होता हो" म्हणाला, की भाऊ मान हलवून म्हणत, "मंग आंगच गेलं फक्त. लहान मरण."

आता ज्याच्या घरात मयत झालेलं असतं, त्याला हे ऐकवायचं असतं का? नव्या खोल्यांमधली एक बाई तर त्यांच्या अंगावर धावून गेली होती. तिचा दीर गेला होता आणि हे तिला लहान-मोठं समजावत बसले होते. मी मध्ये पडले म्हणून भाऊ वाचले.

यंदाच्या थंडीत ते स्वतः गेले. मिलच्या तपासणीच्या टेबलावर कापड पसरलेलं असताना तिथेच खाली बसले आणि उठले नाहीत. दहाएक मिनिटांचा खेळ. तेव्हा "माणूस कसा होता" हे विचारायला कुणी आलं नाही. मला मात्र त्याचं उत्तर द्यायचं आहे, आणि ते एका शब्दात देता येत नाही.

मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवायचे. आमची गल्ली सुरतेच्या बमरोलीतली, म्हणजे सगळी लूम्सवर, यंत्रमागांवर आणि मिलमध्ये राबणारी माणसं. बहुतेक आम्ही खानदेशातले, थोडे विदर्भ-मराठवाड्याचे. ख्रिस्ती घर एकच, दानियलभाऊंचं, माझ्या बरोबर समोर. गाव जालन्याकडचं. बायको गावीच वारलेली. सात वर्षांच्या मुलीला, रूथला, घेऊन ते सुरतेला आले आणि दुसऱ्याच दिवशी तिचा हात धरून माझ्या शाळेत हजर झाले. "बाई, हिला वाचाया शिकवा. बाकीचं मी बघतो," म्हणाले. त्या 'बाकीचं' मध्ये काय काय येतं, हे तेव्हा मला काय ठाऊक!

उंच माणूस, पण मानेपासून पुढे वाकलेला. सगळा जन्म तपासणीच्या टेबलावर वाकून गेला. रंगवून, छापून आलेलं कापड त्या टेबलावरून सरकत जायचं आणि भाऊ डाग शोधायचे. खिशात दोन खडू, एक लाल, एक काळा. धुतल्यावर जाईल अशा डागाला लाल खूण. विणतानाच धागा चुकला असेल, म्हणजे कितीही धुतलं तरी जाणार नाही, तर काळी. शेठ म्हणायचा, "दानियलभाई, आ तो चालशे ने." भाऊ खूण करून मोकळे व्हायचे. शेठच्या तोंडाकडे बघायचेही नाहीत.

ही नजर घरी सोडून येता येत नाही, हा त्यांचा दोष. माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाच्या बापाला त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की तुमच्या फेट्याचं कापड दुय्यम आहे. एका दिवाळीला मी नवी साडी नेसून फराळाचं ताट घेऊन गेले. ताट हातात घेण्याआधी म्हणतात, "बाई, पदरापासून हातभर खाली एक धागा गेलाय बगा." त्यानंतर सबंध दिवाळीभर मला त्या साडीत तो एक धागा सोडून काही दिसलं नाही. मी ती पुन्हा नेसले नाही. चांगली साडी होती.

तेच दोन खडू त्यांनी शास्त्राला लावले. ते बायबल म्हणत नसत, शास्त्र म्हणत. पिठाच्या गिरणीवरच्या भाड्याच्या खोलीत दर रविवारी आसपासच्या वस्त्यांतली दहा-पंधरा ख्रिस्ती घरं जमायची. पाद्री महिन्यातून एकदा यायचे, उरलेल्या रविवारी भाऊ वाचून दाखवत. सातवी शिकलेला माणूस, पण सगळं शास्त्र पालथं घातलेलं. मरण हा शब्द जिथे जिथे आला, तिथे त्यांनी खूण केली होती. शरीराचं मरण असेल तर लाल, कारण ते धुतलं जाणार, शेवटच्या दिवशी देव उठवणार. आत्म्याचं मरण असेल, म्हणजे देवापासून तुटणं, तर काळी. ते विणीतच असतं.

मला हे सगळं कसं ठाऊक? तर सुटीच्या दिवशी ते पुस्तक घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसायचे. गल्लीत वाद घालायला दुसरं कुणी नव्हतं. मीही काही कमी नाही.

"आदामाला देवानं काय सांगितलं? हे फळ ज्या दिवशी खाशील त्या दिवशी मरशील," ते सुरू करायचे. "त्यानं खाल्लं. त्या दिवशी मेला का?"

"मला काय ठाऊक?"

"नाय मेला. नऊशे तीस वर्सं जगला. लेकरंबाळं झाली."

"मग देव खोटं बोलला," मी म्हणाले.

भाऊ हसले. फार क्वचित हसायचे, पण हसले की खांदे हलायचे. "बाई, तुमी सापाच्या बाजूच्या! त्योबी आसंच म्हनला व्हता. आवो, देव खोटं बोलला नाय. मेलाच तो त्या दिवशी. आंगानं नाय मेला. आतून मेला. मोठं मरण ते."

आणखी एक जागा त्यांना फार आवडे. एकाचा बाप वारलेला असतो, त्याला आधी घरी जाऊन माती द्यायची असते. प्रभू त्याला म्हणतो, मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे, तू माझ्यामागे ये. भाऊ पान उघडून दाखवायचे. एकाच ओळीत दोन खुणा, पहिल्या शब्दाला काळी, दुसऱ्याला लाल. "बगा! मेलेला मेलेल्याला कसा पुरंल? दोन येगळे हायत. ह्ये ज्याला कळलं त्याला सगळं कळलं."

एका पानावर मात्र त्यांनी काहीच केलं नव्हतं. लाजर नावाचा मित्र मरतो, प्रभू त्याच्या कबरेपाशी जातो आणि रडतो. थोड्या वेळाने तो त्याला उठवणारच असतो. मी विचारलं, "भाऊ, जर लहानच मरण, आणि घटकाभरात उठवायचंच आहे, तर रडला कशाला?" भाऊंनी पुन्हा पान बघितलं. "ते मला आजून उलगडलं नाय," म्हणाले आणि पुस्तक मिटून घरी गेले. माझ्याशी वादात ते हरलेले मी तेवढेच एकदा पाहिले.

मी जिंकले म्हणून तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे आता सांगायला लाज वाटते. कारण रूथने मला एकदा तिच्या आईच्या मातीची हकिगत सांगितली. शाळेत डबा खाताना, अगदी सहज. कबरेजवळ ती रडायला लागली तर बाबा म्हणाले, "रडू नको, ही लहान गोष्ट हाय. तुझी आई निजलीय." आणि ते वाचत राहिले. "मग मी घरी जाऊन आईचं अंथरूण घालून ठेवलं," रूथ म्हणाली. "निजलीय तर उठून येईल ना बाई?" सात वर्षांच्या मुलीला लाल आणि काळं काय कळणार! माणूस निष्ठुर नव्हता हो. मुलीची वेणी स्वतः घालायचा, तिच्यासाठी आधी भाकरी काढून ठेवायचा. पण दुःखाला हात लावायची वेळ आली की त्याच्या हातात खडूच यायचा.

रूथ मोठी झाली आणि तिचं लग्न झालं. प्रकाश नावाचा मुलगा, मराठवाड्यातल्याच ख्रिस्ती घरातला. सुरतेबाहेर कडोदऱ्याला लूम्सवर कारागीर होता. हसरा, ढोलकी सुंदर वाजवायचा, सासऱ्याची नक्कल तर इतकी हुबेहूब करायचा की भाऊसुद्धा बघत बसायचे. लग्नानंतर तीन वर्षांनी त्याला टीबी झाला. लूम्सच्या कोंदट शेडमध्ये हे नवीन नाही. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने रोज घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. दोन-तीन महिन्यांत त्याचं वजन वाढलं, खोकला थांबला.

त्याच सुमाराला कडोदऱ्याला हायवेच्या कडेला मंडप टाकून एका तरुण उपदेशकाच्या सभा सुरू झाल्या. पांढरे बूट, कानाला माइक, हिंदी-मराठी-गुजराती तिन्ही भाषांत धडाधड बोलायचा. त्याचं म्हणणं असं, की विश्वास ठेवणारा मरणार नाही असं प्रभूने सांगितलंय, तर नाहीच मरणार. हेच शरीर, हेच रक्त. आजार म्हणजे विश्वासाची कमतरता. प्रकाश आणि रूथ दर शुक्रवारी तिकडे जायला लागले.

भाऊ एकदा त्या सभेला जाऊन आले. सोबत वही घेऊन गेले होते. परतले ते संतापाने थरथरत, थेट माझ्या ओट्यावर. "बाई, त्यानं लाल आन् काळा एक करून टाकला! प्रभू मोठ्या मरणाचं बोलतो, ह्यो लहान्याचं सांगतो. लोकं मान डोलवायलेत!" आठ दिवस रात्रपाळी करून आल्यावर ते लिहीत बसले. नऊ पानं झाली. आदाम, लाजर, मेलेल्यांना पुरणारे मेलेले, सगळे त्यात होते. त्यांचं अक्षर वाचवत नसे, म्हणून स्वच्छ प्रत मी काढून दिली. प्रत काढताना विचारलं, "प्रकाश कसा आहे?" "बरा हाय," ते म्हणाले. सभेत आणखी काय घडलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. ती नऊ पानं ते कडोदऱ्याला जाऊन त्या उपदेशकाच्या माणसाच्या हातात देऊन आले. मग रोज उत्तराची वाट बघायचे. उत्तर कधी आलं नाही.

चार-पाच महिन्यांनी, भर उन्हाळ्यात, दुपारी रूथच्या शेजारणीचा मला फोन आला. आमच्या शिरपूरकडचीच बाई. "ताई, रूथना घरवाला सकायमाच ग्या. पन ती हात सोडत नही. लोके गाणं म्हनी ऱ्हायनात. तुम्ही लवकर या."

मी आणि भाऊ रिक्षाने गेलो.

दहा बाय बाराची खोली, वर पत्रा. वीसएक माणसं टाळ्या वाजवून गात होती. प्रकाशला नवा सदरा घातलेला, पांघरूण नाही. अंगात काही उरलंच नव्हतं. रूथ त्याचा हात हातात धरून बसली होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "उठेल. वेळ लागतो. उठेल." त्या उपदेशकाला सकाळपासून फोन लावत होते, तो बंद होता. खाली घरमालक उभा होता. तोही बिचारा काय करणार? "बेन, समजावो ने एमने," तो मला म्हणाला. "आ गरमीमां केटलुं राखशो?" एवढ्या उकाड्यात मयत किती वेळ ठेवणार, माश्या यायला लागल्या होत्या.

भाऊ आत गेले. मला वाटलं, लेकीच्या डोक्यावर हात ठेवतील. ते तिच्यासमोर मांडी घालून बसले, पिशवीतून शास्त्र काढलं आणि उघडलं. गाणं थांबलं. भाऊंनी समजवायला सुरुवात केली. प्रभू ज्या मरणाबद्दल बोलला ते हे मरण नव्हे. हे शरीराचं, ते आत्म्याचं. विश्वास ठेवणाऱ्याचंही अंग मातीला जातं, शिष्यांचीसुद्धा गेली. प्रकाश प्रभूच्या ठायी जिवंत आहे, म्हणून त्याला माती द्यायला भ्यायचं कारण नाही. त्यातला शब्दन् शब्द बरोबर होता. मी शिक्षिका आहे, बरोबर काय ते मला कळतं. जमलेल्यांपैकी दोघं-तिघं गुपचूप उठून गेले, म्हणजे त्यांनाही पटलं असावं.

रूथ ऐकत होती. मग तिने मान वर केली.

"बाबा, बस करा ने आता," ती म्हणाली. "तुम्हाला हा दिसतोय का? तुम्हाला आईपण दिसली नव्हती. तुम्हाला माणूस मेलेला दिसतच नाही. तुम्हाला तो शब्द दिसतो फक्त."

भाऊंचं बोट पानावर होतं, ते तिथेच राहिलं. मग त्यांनी प्रकाशकडे पाहिलं. माझी खात्री आहे, खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं. त्याचे खोल गेलेले गाल पाहिले, नव्या सदऱ्यातून वर आलेली हाडं पाहिली. ते उठले, बाहेर गॅलरीत आले, भिंतीला डोकं टेकलं आणि मोठ्याने रडले. इतका वेडावाकडा आवाज, की खालचा घरमालक धावत वर आला. मला ते लाजरचं कोरं पान आठवलं. पण बोलले नाही. ती काही माझं जिंकायची वेळ नव्हती.

संध्याकाळपर्यंत उन्हाने आपलं काम केलं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. रूथने स्वतःच हात सोडला.

माती झाल्यावर ती बापाच्या खोलीवर यायला तयार होईना. मी तिला आमच्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एक खोली बघून दिली, साड्यांवर खडे चिकटवायचं काम मिळवून दिलं. म्हणजे बापाच्या घरात नाही, पण बापाच्या गल्लीत. जाता-येता दोघं समोरासमोर आले तर ती मान फिरवायची. आणि महिनाभरात तिचा खोकला आमच्या ओट्यापर्यंत ऐकू यायला लागला.

मी तिला ओढत दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली. टीबीच. सरकारी दवाखान्याची आशाताई गोळ्यांची पाकिटं घेऊन घरी आली, तर रूथने ती हातातसुद्धा घेतली नाही. मी रागावले, शिव्या दिल्या, हात जोडले. शेवटी ती बोलली.

"बाई, प्रकाशने विश्वास ठेवला. माझा कमी पडला, म्हणून तो गेला. आता मी गोळ्या घेतल्या, तर तो उगाचच मेला असं होईल. निदान आता तरी माझा विश्वास पुरा पडू दे."

तेवीस वर्षांची पोर, माझ्या हाताखाली बाराखडी शिकलेली, डोळ्यांदेखत मरायला बसली होती. आणि मरण्यामागचं कारण असं, की त्यावर डॉक्टरचं औषध नव्हतं.

भाऊ रोज तिच्या दारात जायचे आणि परत यायचे. एक दिवस मी विचारलं, काय सांगता तिला? तर तेच. विश्वासाने शरीराचं मरण टळत नसतं, म्हणून तुझा विश्वास कमी पडला असं होत नाही. हेही बरोबरच होतं. पण मी भडकले. "भाऊ, ती तुमच्या रविवारच्या मंडळीतली म्हातारी आहे का? लेक आहे तुमची! ते पुस्तक माझ्याकडे ठेवा आणि मग जा. तिला तुमचं स्वतःचं काहीतरी सांगा. काही आहे का तुमच्याजवळ, की सगळं त्यातलंच?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता हा माणूस माझ्याशी जन्मभर बोलणार नाही. मग पुस्तक माझ्या ओट्यावर ठेवलं. "बाई, तुमीबी चला," म्हणाले. "मी एकटा गेलो तर सांगनार नाय."

रूथ उंबऱ्याशी बसून खडे चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, "जा तुम्ही."

भाऊ दाराबाहेर जमिनीवर बसले.

"रूथ, त्या सभेला मी गेल्तो," ते म्हणाले. "प्रकाश मंडपात वर चढला. त्यानं गोळ्यांची पाकिटं बादलीत टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्या ते बगितलं. माझ्या डोळ्यानं बगितलं."

रूथचा हात थांबला. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

"मला ठावं व्हतं गोळ्या सोडल्या की काय व्हतं. खात्यातले दोघं म्या तसेच जाताना बगितलेत. त्याच दिवशी त्याला धरून दवाखान्यात न्यायचं व्हतं. मारून न्यायचं व्हतं. पर मी घरी आलो आन् त्या मानसाचं कुठं चुकलं ते लिवीत बसलो. आठ दिस लिवलं. मंग उत्तराची वाट बगितली. मला वाटलं, त्याचं चुकलेलं दाखवलं की समदं नीट व्हईल. तवर प्रकाश खोकत व्हता. म्या त्याला लहान मरण म्हनायचो ना. लहान म्हनूनच सोडून दिलं. तुझा विश्वास नाय कमी पडला पोरी. तुझा बाप कमी पडला. प्रकाशला कुनी मारलं आसंल तर म्या. आता तू नको जाऊ. मला तुझं आंग पायजे. हे आसंच, खोकनारं, माझ्यावर रागावलेलं. मला दुसरं काय नको."

रूथने खड्यांची वाटी भिंतीवर फेकली. सगळ्या खोलीत खडे. "तुम्हाला माहीत होतं!" ती किंचाळली. "तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही पानं लिहीत बसलात!" तिने त्यांच्या तोंडावर दार लावलं. आतून खोकल्याची उबळ ऐकू येत राहिली. भाऊ तिथेच बसले होते. मी त्यांना उठवायला गेले नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही त्यांचं तोंड बघवत नव्हतं. त्या नऊ पानांची स्वच्छ प्रत माझ्या अक्षरातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताई आली, तेव्हा रूथ दारात उभी होती. डोळे सुजलेले. "द्या," म्हणाली आणि गोळ्या गिळल्या. मग तिनेच सांगितलं, "बाई, मी त्यांच्यासाठी घेत नाही. मला माफ नाही करायचं त्यांना. आणि माफ न करण्यासाठी जगायला लागेल." आणि एक अट घातली, की बाबांनी माझ्या दारात यायचं नाही.

भाऊंनी अट पाळली. पण रोज सकाळी आशाताई यायच्या वेळेला ते गल्लीच्या मधोमध, बंद पडलेल्या हातपंपापाशी येऊन उभे राहायचे. तिथून रूथचं दार दिसतं. आशाताई गोळ्या देणार, रूथ पाणी पिणार, मग ताई म्हणणार, "मोढुं खोलो," आणि रूथ तोंड उघडून जीभ वर करून दाखवणार, गोळी खरंच पोटात गेली की नाही ते. एवढं होईपर्यंत भाऊ हलायचे नाहीत. त्यांना माहीत होतं की लेकीला ते दिसतात. रूथ मुद्दाम पाठ करून गोळी घ्यायची. मग ते कामाला जायचे. रविवारी गिरणीवरच्या खोलीत ते वाचायचे, पण समजावून सांगणं त्यांनी सोडलं होतं. पुस्तक माझ्याकडून परत नेलं होतं. खुणांबद्दल मी पुन्हा काही विचारलं नाही. गल्लीत कुणी वारलं की जाऊन नुसते बसायचे, चहाही न घेता. लोकांना ते जास्तच विचित्र वाटायचं.

असे पाच महिने गेले. रूथच्या अंगाने मांस धरलं. खोकला गेला. बापाशी ती एका अक्षराने बोलली नव्हती.

ते जायच्या दोन दिवस आधीची सकाळ. मी दारात मेथी निवडत होते. आशाताई आली, गोळ्या दिल्या, तोंड बघितलं आणि पुढच्या घराकडे गेली. एरवी रूथ लगेच आत जाऊन दार लोटून घ्यायची. त्या दिवशी ती पायरी उतरून खाली आली आणि गल्लीतून सरळ चालत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. चेहऱ्यावर हसू नव्हतं, राग तसाच होता. भाऊ घाबरून एक पाऊल मागे सरले. रूथने मान वर करून आ वासला आणि जीभ उचलून दाखवली. भाऊंनी वाकून नीट पाहिलं. तिने तोंड मिटलं, आणि भाऊ कामाला गेले.